रिमोट टर्मिनल प्रोटोकॉल आणि स्क्रीनवरचे दिसणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूरच्या यंत्रावर लॉगिन केल्यानंतर रंग गेले, चौकटी मोडल्या, देवनागरी अक्षरे विस्कटली किंवा खिडकीचा आकार जुळेना, अशा तक्रारी सतत येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत दोष एसएसएचवर, म्हणजे दूरच्या यंत्रावर कूटबद्ध जोडणीने लॉगिन करण्याच्या प्रोटोकॉलवर, ठेवलेला असतो. बहुतेक वेळा एसएसएच निर्दोष असते. दोष नेमका कुठे शोधावा हे कळावे, या हेतूने येथे उत्तरे दिली आहेत. कमांड आणि व्हेरिएबल यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यावीत.

१. रिमोट टर्मिनल प्रोटोकॉल आणि टर्मिनल एम्युलेटर यांत फरक काय?

तुमच्या समोरच्या खिडकीत अक्षरे रंगवणारा प्रोग्रॅम म्हणजे टर्मिनल एम्युलेटर. एक्सटर्म, कन्सोल, आयटर्म२, किट्टी ही त्याची उदाहरणे होत. दूरच्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम, समजा विम हा एडिटर, या एम्युलेटरसाठी बाइटांचा प्रवाह लिहितो. त्या प्रवाहात साधी अक्षरे असतात आणि त्यांच्यामध्ये ‘कर्सर दहाव्या ओळीवर ने’, ‘येथून पुढे लाल रंग लाव’ असे सांगणारे एस्केप संकेत असतात. या संकेतांचा पाया ईसीएमए-४८ या मानकात आहे, ज्याची पहिली आवृत्ती १९७६ साली निघाली, आणि १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलमुळे ते सर्वत्र रुजले.

टेलनेट, आरलॉगिन आणि एसएसएच हे प्रोटोकॉल हा प्रवाह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचवतात. एसएसएच तो कूटबद्धही करते, परंतु त्यातल्या संकेतांचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. म्हणूनच ‘एसएसएच अमुक रंगांना सपोर्ट करते का’ या प्रश्नाला उत्तर नाही. तो प्रश्न एम्युलेटरला आणि दूरच्या प्रोग्रॅमला विचारायचा असतो. याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत; त्यांसाठी प्रश्न १३ ते १६ पाहावेत.

२. व्हीएनसी किंवा आरडीपी हेही याच प्रकारात मोडतात का?

नाही. व्हीएनसी व आरडीपी दूरच्या यंत्राचा पूर्ण पडदाच आपल्याकडे दाखवतात. व्हीएनसीचा आरएफबी प्रोटोकॉल (आरएफसी ६१४३; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांकित दस्तऐवज) पडद्यावरचे पिक्सेलांचे आयत पाठवतो आणि आरडीपी चित्र काढण्याच्या सूचना किंवा प्रतिमा पाठवते. तेथे अक्षर कसे दिसावे हे दूरच्या यंत्रावरच ठरते. टर्मिनल प्रोटोकॉलमध्ये मजकूर येतो आणि त्याचा फॉन्ट, रंगांच्या नेमक्या छटा व अक्षरांची जोडणी तुमच्या यंत्रावर ठरते. हा फरक लक्षात असला की पुढची बरीच उत्तरे आपोआप उलगडतात.

३. मग टर्मिनलच्या दिसण्याबद्दल हे प्रोटोकॉल स्वतःहून काही नेतात की नाही?

नेतात, पण मोजकेच.

टेलनेटची व्याख्या मे १९८३ च्या आरएफसी ८५४ मध्ये आहे. मूळ प्रोटोकॉल सात बिटांचे आस्की गृहीत धरतो आणि बाकी सर्व गोष्टी ‘ऑप्शन’ म्हणून दोन्ही बाजूंनी वाटाघाटीने ठरवल्या जातात. टर्मिनलचा प्रकार सांगण्यासाठी ऑप्शन २४ आहे. सर्व्हर पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि क्लायंट स्वतःला माहीत असलेली नावे एकामागून एक देत जातो. शेवटचे नाव दुसऱ्यांदा आले की यादी संपली असे समजायचे. सर्व्हरला आपल्या ओळखीचे नाव निवडता यावे यासाठी केलेली ही योजना मला आजही फार विचारपूर्वक केलेली वाटते, आणि एसएसएचमध्ये ती उरली नाही याची खंतही वाटते. खिडकीचा आकार ऑप्शन ३१ मधून, म्हणजे १९८८ च्या आरएफसी १०७३ मधून जातो, परंतु त्यात फक्त रकाने आणि ओळी असतात. पिक्सेलांना तेथे जागा नाही.

आरलॉगिन हे बीएसडी युनिक्समधून आले आणि त्याचे वर्णन नंतर १९९१ च्या आरएफसी १२८२ मध्ये झाले. जोडणीच्या आरंभीच ते टर्मिनलचे नाव आणि वेग तिरप्या रेघेने जोडून पाठवते, जसे ‘व्हीटी१००/९६००’. आकार मात्र सर्व्हरने मागितल्यावरच जातो आणि त्यात ओळी, रकाने, आडवे पिक्सेल व उभे पिक्सेल अशा चार संख्या असतात.

एसएसएचमध्ये टर्मिनल मागणारी विनंती २००६ च्या आरएफसी ४२५४ मध्ये ठरलेली आहे. तिच्यात ‘टर्म’ या व्हेरिएबलचे मूल्य, आकाराच्या त्याच चार संख्या आणि टर्मिनलच्या मोडांची यादी असते. एको चालू आहे का, खोडण्याची कळ कोणती, अशा गोष्टी त्या यादीत येतात. पुढे खिडकी बदलली की आकाराचा वेगळा संदेश जातो. याशिवाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाठवण्याची सोय आहे, पण ते स्वीकारायचे की नाही हे सर्व्हर ठरवतो. अक्षरसंच कोणता, रंग किती, माऊस आहे का, चित्रे दाखवता येतात का, यांतले काहीही एसएसएच सांगत नाही.

४. ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये असते तरी काय?

त्यात केवळ एक नाव असते. दूरच्या यंत्रावर टर्मइन्फो नावाचा संग्रह असतो आणि त्या नावाखाली टर्मिनलच्या क्षमतांची नोंद असते: किती रंग, स्क्रीन पुसण्याचा संकेत कोणता, डाव्या बाणाची कळ दाबली की कोणते बाइट येतात, वगैरे. एनकर्सेसवर, म्हणजे टर्मिनलची स्क्रीन रेखाटणाऱ्या लायब्ररीवर, बेतलेले प्रोग्रॅम ही नोंद वाचून त्याप्रमाणे लिहितात. म्हणजे तुमच्या एम्युलेटरला प्रत्यक्षात काय येते यापेक्षा दूरच्या यंत्रावरच्या नोंदीत काय लिहिले आहे याला अधिक महत्त्व येते. नाव ‘व्हीटी१००’ असेल तर रंग दिसणार नाहीत, कारण त्या नोंदीत रंगच नाहीत. नाव नुसते ‘एक्सटर्म’ असेल तर बहुतेक यंत्रांवर आठच रंग मिळतात. ‘टीपुट कलर्स’ ही कमांड दूरच्या यंत्रावर चालवली की नोंदीतला आकडा समोर येतो. तपासाची सुरुवात मी नेहमी येथूनच करतो.

५. नवा एम्युलेटर बसवला आणि सर्व्हर म्हणतो की हा टर्मिनल प्रकार माहीत नाही. आता?

नव्या एम्युलेटरचे नाव तुमच्या यंत्राच्या संग्रहात असते, पण जुन्या सर्व्हरच्या संग्रहात नसते. योग्य उपाय म्हणजे नोंद तिकडे पोहोचवणे. आपल्या यंत्रावर ‘इन्फोकम्प -एक्स’ चालवून त्याचे आउटपुट पाइपने एसएसएचमार्फत तिकडच्या ‘टिक -एक्स -’ या कमांडला द्यावे. नोंद तुमच्या होम फोल्डरमध्ये बसते आणि त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत.

ते शक्य नसेल तर त्या सर्व्हरपुरते ‘टर्म’ला ‘एक्सटर्म-२५६कलर’ हे मूल्य द्यावे. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्रॅमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सेटएन्व्ह’ ही सेटिंग त्यासाठी वापरता येते. मात्र शेलच्या आरंभीच्या फाइलमध्ये ‘टर्म’ कायमचे ठोकून ठेवू नये. आज काम भागते, पण उद्या त्याच खात्यात सिरियल कन्सोलवरून किंवा टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणारा प्रोग्रॅम) आतून लॉगिन केले की ते नाव खोटे ठरते आणि मग दोष सापडणे अवघड होते.

६. खिडकी मोठी केली तरी दूरचा प्रोग्रॅम जुन्याच आकारात का राहतो?

आकार बदलला की एम्युलेटर आपल्या यंत्राच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सांगतो, कर्नल एसएसएच क्लायंटला ‘सिगविंच’ हा सिग्नल देतो, क्लायंट आकाराचा संदेश पाठवतो, सर्व्हर तिकडच्या स्यूडो-टर्मिनलवर (प्रोग्रॅमला खऱ्या टर्मिनलसारखे भासणाऱ्या, कर्नलने पुरवलेल्या टर्मिनलवर) नवा आकार लिहितो आणि तिकडचा कर्नल पुढे चाललेल्या प्रोग्रॅमला पुन्हा ‘सिगविंच’ देतो. या साखळीतली एखादी कडी गळाली की आकार अडतो. एसएसएचच्या आत सुडो, कंटेनरमधला शेल आणि त्यात पुन्हा एखादे वेष्टन अशी रचना असेल तर प्रत्येक मधल्या स्यूडो-टर्मिनलने आकार पुढे द्यावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर ‘एसटीटीवाय साइज’ चालवत गेले की कोणत्या कडीपाशी जुने आकडे उरले आहेत ते लगेच दिसते.

आणखी एक साधे कारण असते. शेलमध्ये ‘लाइन्स’ आणि ‘कॉलम्स’ ही व्हेरिएबल कोणीतरी एक्स्पोर्ट केलेली असतील तर अनेक प्रोग्रॅम कर्नलचे न ऐकता त्यांचेच ऐकतात. ती काढून टाकावीत.

७. सिरियल कन्सोलवर स्क्रीन कायम ८० रकाने आणि २४ ओळींतच का अडकते?

सिरियल तारेवर फक्त बाइट जातात. आकार सांगणारा संदेश तेथे मुळातच नाही, त्यामुळे प्रोग्रॅम जुने गृहीत आकडे धरतात. एक्सटर्मबरोबर येणारा ‘रिसाइझ’ हा प्रोग्रॅम येथे कामी येतो. तो कर्सरला ९९९ व्या ओळीवर, ९९९ व्या रकान्यात जायला सांगतो, एम्युलेटर त्याला शेवटच्या कोपऱ्यात अडवतो, आणि मग ‘कर्सर कुठे आहे’ असे विचारले की उत्तरात खरा आकार मिळतो. ‘रिसाइझ’ नसेल तर ‘एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०’ (५० ओळी, १६० रकाने) असे हाताने सांगावे. खिडकी पुन्हा बदलली की हे पुन्हा करावे लागते.

८. २५६ रंग आणि ‘ट्रूकलर’ दूरच्या यंत्रावरून मिळतात का, आणि कधीकधी मजकूर उघडझाप का करतो?

मिळतात, कारण रंगांचे संकेत हेही साधे बाइटच आहेत. २५६ रंगांच्या पटात पहिले १६ मूळ रंग, नंतर ६×६×६ अशा घनातले २१६ आणि शेवटी २४ करड्या छटा असतात. ट्रूकलरमध्ये लाल, हिरवा व निळा या तिन्हींच्या ० ते २५५ या मात्रा थेट दिल्या जातात.

अडचण ओळखीची आहे. आपल्याला ट्रूकलर येतो हे सांगण्यासाठी बरेच एम्युलेटर ‘कलरटर्म’ या व्हेरिएबलमध्ये ‘ट्रूकलर’ असे लिहितात. ‘टर्म’ एसएसएचच्या विनंतीतूनच जाते, पण ‘कलरटर्म’साठी अशी खास जागा नाही, त्यामुळे क्लायंटमध्ये ‘सेंडएन्व्ह’ आणि सर्व्हरमध्ये ‘ॲक्सेप्टएन्व्ह’ अशा दोन्हीकडे परवानगी असल्याशिवाय ते पलीकडे पोहोचत नाही. आपल्या यंत्रावर सुंदर दिसणारी रंगसंगती सर्व्हरवर भडक किंवा फिकी दिसते, ती बहुतेकदा याच कारणाने.

उघडझापीचे कारण मजेशीर वाटले तरी खरे आहे. २५६ रंगांचा संकेत ३८, ५ आणि रंगाचा क्रमांक असा लिहिला जातो. ज्या जुन्या टर्मिनलला ३८ चा अर्थ कळत नाही ते तो सोडून देते आणि पुढचा ५ सुटा वाचते. सुट्या ५ चा अर्थ ‘मजकूर उघडझाप करव’ असा आहे. म्हणजे ‘टर्म’चे नाव एम्युलेटरच्या खऱ्या क्षमतेपेक्षा मोठे सांगितले गेले आहे, असे समजावे.

९. एसएसएचला कमांड थेट दिली की आउटपुटमधले रंग का जातात?

कमांड सोबत दिली की एसएसएच स्यूडो-टर्मिनल मागतच नाही. दूरच्या प्रोग्रॅमला आपले आउटपुट पाइपमध्ये जात असल्याचे दिसते आणि तो शिस्तीने रंग बंद करतो. ‘-टी’ हा पर्याय दिला की टर्मिनल मिळते आणि रंग परततात. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘-टी’ जपून वापरावे, कारण टर्मिनलमधून जाणाऱ्या ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न जोडला जातो आणि त्रुटीसंदेश नेहमीच्या आउटपुटात मिसळतात. तेथे प्रोग्रॅमलाच ‘रंग नेहमी द्या’ असे सांगणे अधिक सुरक्षित असते.

१०. चौकटींच्या रेघांच्या जागी क्यू आणि एक्स ही अक्षरे का दिसतात?

व्हीटी१०० मध्ये रेघा काढण्यासाठी वेगळा अक्षरसंच होता: संकेत देऊन त्या संचात गेले की क्यू म्हणजे आडवी रेघ आणि एक्स म्हणजे उभी रेघ. यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) मोडमध्ये असताना काही एम्युलेटर हा संच बदलण्याचा संकेत दुर्लक्षितात. पुटी या एम्युलेटरमध्ये हे दीर्घकाळ होत असे आणि नंतर त्यासाठी वेगळी सेटिंग आली. ती सुरू करावी, नाहीतर दूरच्या यंत्रावर ‘एनकर्सेस_नो_यूटीएफ८_एसीएस’ या व्हेरिएबलला १ हे मूल्य द्यावे, म्हणजे एनकर्सेस रेघांसाठी युनिकोडची अक्षरे पाठवेल. दूरचे लोकेल (भाषा व अक्षरसंच यांची सेटिंग) यूटीएफ-८ असणे यासाठी आवश्यक आहे (पुढचा प्रश्न पाहा).

११. देवनागरी मजकूर आपल्या यंत्रावर नीट दिसतो, पण सर्व्हरवर तोच विस्कटतो. असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यामागे एकच कारण नसते, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पहिली पायरी लोकेलची. एसएसएचमध्ये अक्षरसंचाची वाटाघाट नाही. सर्व्हरवर लोकेल ‘सी’ असेल तर ‘एलएस’ फाइलनावातल्या ‘क’ या अक्षराऐवजी ३४०, २४४, २२५ असे तीन अष्टमान आकडे किंवा नुसती प्रश्नचिन्हे दाखवते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि तिकडच्या प्रोग्रॅमला ते तीन बाइट एक असल्याचे माहीत नसते. ‘लोकेल -ए’ने उपलब्ध लोकेल पाहून ‘लँग’ला त्यांतले एखादे यूटीएफ-८ चे नाव द्यावे. तुमचे यंत्र ‘लँग’ पाठवत असेल, पण ते लोकेल सर्व्हरवर तयारच केलेले नसेल, तर मूल्य पोहोचूनही उपयोग होत नाही. ही चूक फार वेळा आढळते.

दुसरी पायरी खोडण्याची. ओळ टाइप करताना बॅकस्पेस तीनदा दाबल्यावर एक अक्षर जात असेल तर टर्मिनलच्या मोडांमध्ये ‘आययूटीएफ८’ बंद आहे. कर्नल त्यामुळे एकेक बाइट खोडतो. हा मोड एसएसएचमधून पाठवण्याची अधिकृत सोय २०१७ च्या आरएफसी ८१६० ने झाली. तोवर ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’ हाताने द्यावे लागे, आणि जुन्या सर्व्हरवर आजही द्यावे लागते.

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे. टर्मिनलची स्क्रीन म्हणजे सारख्या चौकोनांचे जाळे. दूरचा प्रोग्रॅम प्रत्येक चिन्हाला किती चौकोन लागतील हे आपल्या लायब्ररीच्या तक्त्यावरून मोजतो आणि त्या हिशेबाने कर्सर हलवतो. एम्युलेटर तीच मोजणी आपल्या तक्त्यावरून करतो. ‘क्षि’ या एका अक्षरात क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार युनिकोड चिन्हे आणि बारा बाइट आहेत. हलन्ताला शून्य चौकोन, वेलांटीला शून्य की एक, आणि जोडाक्षर झाल्यावर एकूण एक की दोन, यावर दोन्ही तक्त्यांचे एकमत नसेल तर कर्सर मजकुरापेक्षा पुढे किंवा मागे पडतो आणि ओळ संपादित करताना अक्षरे एकमेकांवर चढतात. वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे काढायची असते ही गोष्ट तर चौकोनांच्या कल्पनेतच बसत नाही. तिच्यासाठी एम्युलेटरला अक्षरजोडणी करावी लागते आणि ती सर्वांना येत नाही. एमएलटर्म हा एम्युलेटर भारतीय लिप्यांची ही गरज डोळ्यांसमोर ठेवून अनेक वर्षे काम करत आला आहे.

यावर प्रोटोकॉलकडून तोडगा नाही, कारण रुंदीचा तक्ता कोणता वापरायचा हे सांगणारा संदेश एसएसएच, टेलनेट किंवा आरलॉगिन यांपैकी कोणातच नाही. अलीकडे काही एम्युलेटरांनी मोड २०२७ आणला आहे, ज्यात पूर्ण अक्षरसमूह एकक धरून रुंदी मोजायचे ठरते, पण त्याचा लाभ दूरचा प्रोग्रॅमही तो मोड जाणत असेल तरच होतो. तोवर व्यवहारात उपयोगी पडणारा मार्ग म्हणजे मराठी मजकूर सर्व्हरवर नुसता वाचणे आणि संपादन आपल्या यंत्रावर करणे. हा मार्ग समाधानकारक नाही, हे मान्य करायला हवे. आपल्या लिपीला टर्मिनलमध्ये लॅटिन लिपीइतकीच हक्काची जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

टेलनेटबद्दल एक बारीक गोष्ट नमूद करतो. टेलनेट २५५ हा बाइट आदेशाची खूण म्हणून राखून ठेवते. यूटीएफ-८ मध्ये तो बाइट कधीच येत नाही, त्यामुळे देवनागरी मजकुराची आदेशांशी गल्लत होत नाही.

१२. माऊस आणि चित्रे एसएसएचवरून चालतात का?

दोन्ही चालतात. माऊसची कृती एम्युलेटर एस्केप संकेतात बदलून दूरच्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. जुन्या पद्धतीत रकान्याचा क्रमांक ३२ मिळवून एका बाइटात लिहीत, त्यामुळे २२३ च्या पुढच्या रकान्यावर क्लिक केले की काहीच घडत नसे. रुंद पडद्यांवर ही अडचण आजही दिसली तर प्रोग्रॅमने मोड १००६ वापरायला हवा, ज्यात क्रमांक दशमान आकड्यांत लिहिले जातात.

चित्रांसाठी तीन मार्ग प्रचलित आहेत. सिक्सेल ही डीईसी कंपनीची १९८० च्या दशकातली पद्धत असून तिच्यात एक अक्षर उभे सहा पिक्सेल दाखवते. आयटर्म२ आणि किट्टी यांच्या आपापल्या पद्धती आहेत. किट्टीच्या पद्धतीत चित्र फाइलच्या पत्त्याने किंवा शेअर्ड मेमरीतूनही देता येते, परंतु दूरच्या यंत्राची फाइल तुमच्या एम्युलेटरला दिसत नसल्याने एसएसएचवर चित्राचा मजकूर थेट प्रवाहातून, बेस६४ मध्ये (कोणतेही बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत), जास्तीत जास्त ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी पाठवावा लागतो. बेस६४ मुळे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. चित्र किती चौकोन व्यापेल हे ठरवण्यासाठी पिक्सेलमधला आकार लागतो. एसएसएच तो नेते, टेलनेट नेत नाही (प्रश्न ३), म्हणून टेलनेटवर प्रोग्रॅमला एम्युलेटरकडे एस्केप संकेतानेच चौकशी करावी लागते.

१३. टीमक्सच्या आत गेल्यावर यांतल्या काही गोष्टी का थांबतात?

कारण टीमक्स स्वतःच एक एम्युलेटर आहे. तो आतल्या प्रोग्रॅमचे संकेत वाचतो, स्वतःच्या मेमरीत स्क्रीन तयार करतो आणि ती बाहेरच्या टर्मिनलवर नव्याने काढतो. त्याला न कळलेला संकेत तेथेच संपतो. आत ‘टर्म’चे मूल्य ‘टीमक्स-२५६कलर’ किंवा ‘स्क्रीन-२५६कलर’ असावे; बाहेरच्या एम्युलेटरला ट्रूकलर येतो हे टीमक्सच्या सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. चित्रांचे संकेत जसेच्या तसे बाहेर पाठवण्यासाठी ‘अलाउ-पासथ्रू’ ही सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. ती सुरू केली तरी टीमक्सला चित्राची जागा माहीत नसल्याने विभाग बदलताना चित्र मागे राहू शकते.

१४. मॉशवर रंग व चित्रे वेगळी का वागतात? एसएसएचचीच ती सुधारित आवृत्ती नाही का?

नाही. मॉश लॉगिनपुरते एसएसएच वापरते आणि नंतर यूडीपीवर, सहसा ६०००० ते ६१००० मधल्या पोर्टवर, स्वतःचा प्रोटोकॉल चालवते. एमआयटीमध्ये कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी तो २०१२ मध्ये मांडला. त्यात बाइटांचा प्रवाह पलीकडे जातच नाही. सर्व्हरवर एक एम्युलेटर चालतो, तो स्क्रीनची सद्यस्थिती ठेवतो आणि दोन्ही टोकांच्या स्थितींत जेवढा फरक असेल तेवढाच पाठवतो. त्यामुळे जाळे तुटून जुळले, आयपी पत्ता बदलला, तरी सत्र टिकते आणि टाइप केलेले अक्षर उत्तराची वाट न पाहता लगेच दिसू शकते.

याची किंमत प्रदर्शनात मोजावी लागते: मॉशच्या स्थितीत ज्या गोष्टीला जागा नाही ती गोष्ट पोहोचत नाही. वर सरकून गेलेल्या ओळी एम्युलेटरच्या स्क्रोलबारने मागे जाऊन पाहता येत नाहीत, सिक्सेल चित्रे येत नाहीत, आणि ट्रूकलरही २०२२ च्या १.४ या आवृत्तीत आला. अक्षरसंच यूटीएफ-८ च असावा लागतो. प्रवासात, अस्थिर जोडणीवर मजकुराचे काम करायचे असेल तर मी मॉशच सुचवेन. चित्रे हवी असतील तर एसएसएच, किंवा तुटलेली जोडणी सांधून मूळ प्रवाह तसाच पुढे नेणारे इटर्नल टर्मिनल वापरावे.

१५. सर्व्हर विंडोजचा असेल तर?

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘कॉनपीटीवाय’ ही व्यवस्था आली. तीही मधे बसून स्क्रीनची स्थिती ठेवते आणि संकेत पुन्हा घडवून पाठवू शकते, म्हणून प्रश्न १३ मधले तर्क तिलाही लागू होतात.

१६. मेनफ्रेमच्या टीएन३२७० वर खिडकी ओढून मोठी केली तरी ओळी का वाढत नाहीत?

टीएन३२७० हा मेनफ्रेमशी (मोठ्या मध्यवर्ती संगणकाशी) जोडणारा प्रोटोकॉल टेलनेटवरून जात असला तरी त्यात अक्षरागणिक देवाणघेवाण नसते. सर्व्हर पूर्ण फॉर्म पाठवतो, वापरणारा तो आपल्या बाजूला भरतो आणि एंटर दाबल्यावर बदललेली क्षेत्रे परत जातात. आकार टर्मिनलच्या मॉडेलवरून जोडणीच्या वेळीच ठरतो: मॉडेल २ म्हणजे २४ ओळी व ८० रकाने, ३ म्हणजे ३२ व ८०, ४ म्हणजे ४३ व ८०, आणि ५ म्हणजे २७ ओळी व १३२ रकाने. खिडकी ओढल्याने फक्त फॉन्ट मोठा होतो. मोठा आकार हवा असेल तर क्लायंटमध्ये मॉडेल बदलून पुन्हा जोडणी करावी. रंग आणि अधोरेखन हवे असेल तर नावाच्या शेवटी ‘-ई’ असलेले, म्हणजे विस्तारित गुणधर्म जाणणारे मॉडेल निवडावे.

१७. जोडणी अचानक तुटल्यावर माऊस हलवला की कचरा का उमटतो?

विमसारखा प्रोग्रॅम सुरू होताना पर्यायी स्क्रीन, माऊस आणि पेस्टचे मोड चालू करतो आणि बाहेर पडताना बंद करतो. जोडणी तुटली की बंद करणारे संकेत येतच नाहीत. एसएसएच क्लायंट आपल्या कर्नलचे मोड पूर्ववत करतो, पण एम्युलेटरच्या आतले मोड त्याला माहीत नसतात, कारण ते संकेत त्याने वाचलेलेच नसतात (प्रश्न १). ‘रिसेट’ ही कमांड द्यावी. सत्र नुसते गोठले असेल तर आधी एंटर, मग टिल्ड आणि पूर्णविराम या कळांनी ओपनएसएसएच बंद करता येते.

१८. दूरचा सर्व्हर माझ्या क्लिपबोर्डमध्ये लिहू शकतो का? मग तो वाचूही शकेल?

ओएससी ५२ या संकेताने लिहिता येते आणि दूरच्या एडिटरमधून मजकूर आपल्या यंत्रावर आणण्याचा तो सर्वांत सोयीचा मार्ग आहे. त्याच संकेतात वाचण्याचीही तरतूद आहे. वाचण्याची मुभा देऊ नये, कारण क्लिपबोर्डमध्ये अनेकदा पासवर्ड असतो. हा धोका केवळ सर्व्हरच्या मालकाकडून नसतो. कोणीही लॉगमध्ये संकेत घुसवून ठेवू शकतो आणि तुम्ही ती फाइल ‘कॅट’ने पाहिली की तो तुमच्या एम्युलेटरपर्यंत पोहोचतो. अनोळखी फाइल ‘लेस’ने पाहावी, मुळातल्या सेटिंगमध्ये ते असे संकेत न चालवता अक्षररूपाने दाखवते.

१९. प्रॉम्प्टवर आपोआप आकडे आणि अर्धविरामांची ओळ उमटते, आणि बाणाच्या कळा कधीकधी वेगळेच काही करतात. हे काय?

दोन्हींचे मूळ जोडणीच्या विलंबात आहे. क्षमता जाणण्यासाठी काही प्रोग्रॅम ‘टर्म’वर विसंबत नाहीत, तर एम्युलेटरलाच विचारतात. ‘तू कोण’ या चौकशीच्या उत्तरात ४ हा आकडा असला की सिक्सेल येते, असे त्यावरून कळते. ही पद्धत ‘टर्म’पेक्षा खरी माहिती देते आणि वाटेत टीमक्स असेल तर उत्तर टीमक्सचे मिळते, जे योग्यच आहे. परंतु दूरच्या जोडणीवर उत्तर पोहोचेपर्यंत प्रोग्रॅम कंटाळून बाहेर पडलेला असेल तर ते उत्तर शेलच्या हाती लागते आणि टाइप केलेल्या मजकुरासारखे प्रॉम्प्टवर उमटते. अशा प्रोग्रॅममध्ये वाट पाहण्याचा अवधी वाढवावा किंवा चौकशी बंद करावी.

बाणाची कळ म्हणजे एस्केप आणि त्यापाठोपाठ येणारे बाइट. ते एकाच पॅकेटमध्ये न येता मधे अंतर पडले तर प्रोग्रॅमला वाटते की तुम्ही एस्केपची कळ सुटी दाबली आणि पुढची अक्षरे स्वतंत्र आहेत. एनकर्सेस मुळात एक सेकंद थांबते, विममध्ये ‘टीटाइमआउटलेन’ ही सेटिंग आहे आणि टीमक्समध्ये ‘एस्केप-टाइम’. स्थानिक वापरासाठी हा अवधी अगदी कमी करून ठेवला असेल तर संथ जोडणीवर तो थोडा वाढवावा. शंभर मिलिसेकंदांपासून सुरुवात करून, एस्केप दाबल्यावरचा उशीर खटकू लागेपर्यंत हळूहळू वर जावे.